दुधाच्या फायलीत कोण बसलंय

शनिवार, ८ मार्च

ही वही झुलेइदबाईनं दिली. ती ह्या हॉस्पिटलातली म्हातारी नर्स. म्हणाली, "मनात येईल ते ह्यात लिही पोरी. सारखं मला विचारू नकोस जगेल का म्हणून. मी नर्स आहे, देव नाही."

मी चौथीपर्यंत शिकले. चुका होतील. कोण वाचणार आहे.

मुलगी काचेच्या पेटीत आहे. सातव्या महिन्यातच आली. तिचं मनगट माझ्या करंगळीएवढं. पायाला कागदाचा पट्टा आहे, त्यावर 'एदिलेयाचं बाळ' असं लिहिलंय. नाव मी ठेवलं नाही. ठेवलं आणि ती गेली, तर ते नाव घरभर फिरत बसेल.

इथं आम्हाला कोणी नावानं हाक मारत नाही. सगळ्यांना 'आई' म्हणतात. "ए आई, हात धुतलेस का." "ए आई, रडायचं तर बाहेर जा." मला ऐकताना लाज वाटते. मी अजून केलंय काय आईसारखं? दूधसुद्धा आलं नाही. भीतीनं आटलं म्हणतात. आटायला आधी यायला तर पाहिजे.

रविवार, ९ मार्च

माझ्या नवऱ्याची, जेनिव्हाल्दोची होडी आली नाही. वरती नदी चढली आहे. त्याच्या हातचा कसाव्याच्या कंदाचा रवा आणि तळलेली मासळी खायची होती. इथला भात तोंडात फिरतो नुसता.

आज दूध देताना बघितलं. नाकातून नळी, आणि नळीत दोन थेंब म्हणावं इतकं दूध. ते माझं नाही. कुठल्या तरी बाईचं आहे. शहरातल्या बाळंतिणी आपलं उरलेलं दूध कॉफीच्या बरणीत भरून ठेवतात. काचेचीच बरणी पाहिजे, प्लास्टिकच्या झाकणाची, उकळून घेतलेली. आणि ती गोळा करायला घरोघर कोण जातं, तर बंबवाले. आमच्या गावी आगीचा बंब कोणी बघितलेला नाही, आणि इथं तो दूध आणतो. पहिल्या दिवशी दारात तांबडी गाडी बघून मी उठून पळायला लागले. झुलेइद म्हणाली, "बस खाली, आग नाही, न्याहारी आली."

आज आणणारी बाई उंच होती. सार्जंट लुसिवाल्दा. बर्फाची पेटी ठेवली, सही केली, आणि झुलेइदला विचारलं, "सातव्या महिन्याची ती, किती भरली आज?" झुलेइदनं वजन सांगितलं. "काल होतं त्यापेक्षा जास्त ना?" "जास्त." मान हलवून गेली. मी म्हटलं, बघायचं का बाळ, इथंच आहे. तिनं पेटीकडे बघितलंच नाही. "ड्यूटी आहे," म्हणाली. तिचा शर्ट छातीवर ओला झाला होता. बर्फाची पेटी उचलल्यामुळे असेल.

मग पलंगावर पडले. आम्ही नदीकाठचे लोक झोळ्यात झोपणारे. पलंगावर पडलं की वाटतं कोणी खाली ठेवून विसरून गेलं. मी विचारलं, माझ्या आधी इथं कोण होतं. झुलेइद म्हणाली, "होती एक. मोकळ्या हातानं घरी गेली." मी म्हटलं, मला असलं सांगू नका. ती म्हणाली, "तू विचारलंस. मुलगा गेला, पण दुधाला कुठं कळतं ते. अजून येतं तिचं."

सोमवार, १० मार्च

वीज पडली. जवळच कुठं तरी. काचा हलल्या. दिवे गेले, पेट्यांचं मशीन दुसऱ्या विजेवर लगेच चालू झालं, पण मधल्या वेळात सगळ्या आया उठून आपापल्या पेटीवर हात ठेवून उभ्या होत्या.  मी पण हात ठेवला.

मंगळवार, ११ मार्च

दूध बंद आहे.

नीट लिहिते, म्हणजे मलाच कळेल. बरणीवर बाईचं नाव नसतं. फक्त आकडा असतो. ते दूध कोणाचं, कधी उकळलं, जंतू निघाले का, आंबट आहे का, कोणत्या बाळाला चालेल, हे सगळं कॉम्प्युटरमधल्या एका फायलीत असतं. फाइल एकच. दूधखोलीतल्या मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवलेली, आणि बाकीचे कॉम्प्युटर तारेवरून येऊन तीच उघडतात. आपली नर्स, दूधखोली, बंबवाले, सगळे तीच. दूधखोलीच्या इवोनेतेताईनं सांगितलं. ती शिकलेली आहे पण माझ्याशी नीट बोलते.

फाइल उघडली नाही तर फ्रीजर भरलेला असूनही कोणतीच बरणी देता येत नाही. मी म्हटलं, सगळं आईचंच दूध ना, द्या कुठलंही. ती म्हणाली, "एखाद्या बरणीत जंतू असतील तर? एवढ्याशा पोराला तेवढं पुरतं." पुन्हा तपासायचं म्हटलं तर जंतू उगवतात का बघायला दोन दिवस लागतात. फायलीची नक्कल एका वेगळ्या डब्यात ठेवलेली असायची. तो डबा विजेनं जळाला.

आरोग्य खात्यातून वाल्देनोर नावाचा माणूस आला. पोट सुटलेला, गळ्यात तारांची गुंडाळी. कॉम्प्युटर म्हणत होता, रस्ता सापडत नाही. त्यानं भिंतीवरची एक पेटी उघडली. सगळ्या तारा तिच्यात येतात. आत काळं झालं होतं. वास घेतला आणि म्हणाला, "हिला विजेनं खाल्लं." दुसरी बसवली.

मग रस्ता सापडला, तर म्हणे आत यायची परवानगी नाही. वाल्देनोरनं डोकं खाजवलं. मोठ्या कॉम्प्युटरच्या घड्याळातली बॅटरी मेली होती आणि ते बारा वर्षं मागं गेलं होतं. दोन कॉम्प्युटरांची घड्याळं जुळत नसतील तर ते एकमेकांना ओळख देत नाहीत. मी विचारलं, म्हणजे त्याच्या मते माझी मुलगी अजून जन्मलीच नाही? तो हसला. "आई, त्याच्या मते तूच अजून शाळेत आहेस." मला हसू आलं नाही. मी काचेच्या पेटीकडे बघितलं, पोरगी आहे का.

घड्याळ लावलं आणि तो जेवायला गेला.

बुधवार, १२ मार्च

मला हे सगळं लिहायचं आहे. 

सकाळी पोरीची सलाइनची शीर फुटली. दुसरी शोधायला तिच्या डोक्यावरचे केस काढले. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळपर्यंत बरण्या मिळाल्या नाहीत तर डब्याचं दूध सुरू करावं लागेल. झुलेइदचं तोंड उतरलं. मी तिला धरून विचारलं. ती म्हणाली, "आतडं कच्चं आहे गं. डब्याचं दूध कधी सोसतं, कधी आतडंच सडवतं." मी फरशीवर बसले. तिनं उठवलं नाही, माझ्याजवळ बसली.

दूधखोलीत वाल्देनोर आणि इवोनेतेताई भांडत होते. फाइल आता तिसरंच सांगत होती. दुसऱ्या कोणी तरी ती एकट्यासाठी उघडली आहे, बाकीच्यांना दार बंद.

"कोण आहे आत?" इवोनेतेताई म्हणाली. "तुम्ही सगळे कॉम्प्युटर बंद केलेत ना?"

"सगळे. स्वयंपाकघरातलासुद्धा."

"स्वयंपाकघरात कॉम्प्युटर नाही."

"मग मी काय बंद केलं तिथं?"

"ओव्हन असेल."

ते हसले, आणि मला बघून गप्प झाले. मला राग नाही आला. भीतीत माणूस हसतं.

मी दारात उभी होते. सगळं बंद असताना आत बसणारं कोण असेल? मला आमच्या नदीतले, पाण्याखाली राहणारे आठवले. आजी म्हणायची, ते दिसत नाहीत, फक्त जागा अडवतात. मी मनात म्हटलं, जो कोणी आहेस, उठ रे बाबा.

वाल्देनोर म्हणाला, थांबा, फायलीच्या शेजारी एक बारकी फाइल तयार होते, आत कोण गेलंय त्याचं नाव धरून ठेवायला. मला लगेच कळलं. दाराबाहेर काढलेल्या चपला. घरात कोण आलंय ते चपलांवरून कळतं, तसं. त्यानं ती बारकी फाइल उघडली. तिच्यात होतं, बंब दोन. म्हणजे बंबवाल्यांचा दुसरा कॉम्प्युटर.

"जबरदस्तीनं बाहेर काढा," इवोनेतेताई म्हणाली.

"काढता येतं. पण तो अर्धवट लिहीत असेल तर फाइल मधूनच फाटेल. मग एकही बरणी कोणाची ते कळणार नाही. एकदा झालंय माझ्या हातून, दुसऱ्या गावात. आधी तिकडे जाऊन बघू."

अग्निशमन केंद्र चौकाच्या पलीकडे आहे. ते निघाले, मी मागून गेले. पायात हॉस्पिटलच्या सपाता होत्या. पाऊस चालू होता. मला कोणी परत जा म्हटलं नाही.

तिथं फक्त हवालदार बेर्तोल्दो होता. पांढऱ्या मिशा. बाकी सगळे वरच्या नदीला पुरात माणसं काढायला गेलेले. त्यानं मला खुर्ची दिली, कॉफी दिली. वाल्देनोर म्हणाला, बंब दोन कुठला? बेर्तोल्दोनं बोट दाखवलं. कोपऱ्यात टेबल. वर काळा पडदा झालेला कॉम्प्युटर. खुर्ची तिरपी, कोणी झटक्यात उठल्यासारखी. अर्धा चावलेला पाव, कपात कॉफी, तिच्यावर साय धरलेली.

वाल्देनोर पुढे झाला तसा म्हातारा मधे आला. "हात नको लावूस."

"एक बटण दाबायचं आहे, दादा."

"सार्जंटचं टेबल आहे. काल दुपारी घंटा झाली, उठून गेली ती. गेलेल्या माणसाचं आम्ही काही हलवत नाही. ताट नाही, खुर्ची नाही. परत येतो, तोच उचलतो."

"अहो, पोर आहे तिकडे."

"आणि ती पाण्यात आहे. तुला वाटतंय म्हातारा खुळा आहे. एकदा एकाचा कप मी धुऊन ठेवला होता." 

वाल्देनोर माझ्याकडे बघायला लागला. मी रडावं असं त्याला वाटत असेल. पण मला बेर्तोल्दोचं पटत होतं. मी मुलीचं नाव ठेवत नाही, ते तरी काय आहे? मी म्हटलं, काका, तुम्ही हलवू नका. तिलाच विचारता येतं का?

 त्यानं भिंतीवरचा रेडिओ उचलला. खूप वेळ नुसती खरखर. होडीचं इंजिन. मग तिचा आवाज, लांबून, पावसातून.

"बोल, बेर्तोल्दो."

"तुझं मशीन फाइल धरून बसलंय. दूध अडलंय. खात्याचा माणूस आलाय. एक आई पण आहे."

"कुठली आई?"

"तुझं नाव काय पोरी? एदिलेया म्हणते. सातव्या महिन्याची मुलगी."

  इंजिनचा आवाज बंद झाला, बहुतेक तिनं होडी थांबवायला सांगितली.

"दूध मिळालं नाही तिला?"

"कालपासून नाही," वाल्देनोर म्हणाला.

"माझ्यामुळे. काल फाइल परत उघडली, तेव्हा मशीन विचारत होतं, विजेनं बिघडलीय, दुरुस्त करू का. मी हो म्हटलं. दुरुस्तीला एकटीलाच आत घेतं ते. ते झाल्यावर मी कालच्या बरण्यांची नोंद भरत होते, आणि घंटा झाली." मग म्हणाली, "बेर्तोल्दो, तिला बसव माझ्या खुर्चीत."

"तुझ्या खुर्चीत?"

"आईला बसव. बाकी कोणाला नको."

मी जन्मात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. खुर्ची तिरपी होती, मी तशीच तिरपी बसले, सरळ केली नाही. वाल्देनोर मागं हात बांधून उभा. रेडिओतून ती म्हणाली, उंदीर हलव. मी दचकले. वाल्देनोरनं न शिवता दाखवलं, तो टेबलावरचा, माउस. हलवला, आणि काळ्या पडद्याला उजेड आला.

तिथं माझं नाव होतं.

मी तिथं कधी गेलेच नव्हते, आणि माझं नाव तिथं आधीपासून बसलेलं. एदिलेयाचं बाळ. खाली तिचं वजन, रोजचं. पुढे मिळालेल्या बरण्या. एका रकान्यात बाईचा आकडा, आणि तो प्रत्येक ओळीत एकच होता, वरपासून खालपर्यंत. म्हणजे एकच बाई माझ्या पोरीला पाजते आहे पहिल्या दिवसापासून. कोण आहे, कुठं राहते, काय खाते, तिला माहीत आहे का.  मी विचारणार होते सार्जंटला, तुम्ही हेच पान का उघडून बसला होतात, पण तिचं कामच असेल ते, सगळ्यांचं बघायचं.

"काय दिसतंय?" ती म्हणाली.

"मधे एक चौकोन आहे. विचारतोय, ठेवू का लिहिलेलं."

"हो म्हण त्याला."

मी तोंडानं हो म्हटलं. बेर्तोल्दो पण हसला. मग बोटानं म्हटलं. चौकोन गेला. मग वरच्या कोपऱ्यातल्या फुलीवर. सगळं मिटलं, आणि निळा पडदा राहिला.

"झालं?"

"झालं बहुतेक."

"वजन किती दिसलं शेवटचं?" तिनं विचारलं. मी वाचून घेतलं होतं, सांगितलं. "बरं," ती म्हणाली. "बेर्तोल्दो, माझा पाव तसाच ठेव, मी येणार आहे." आणि इंजिन सुरू झालं.

चौक मी पळत ओलांडला. टाके दुखत होते. दूधखोलीत इवोनेतेताई पडद्यासमोर बसली होती, आणि पडद्यावर बरण्याच बरण्या. एकेक आकडा, एकेक बाई, एकेक तारीख. वाल्देनोरनं आधी दोन नकला काढल्या. मग इवोनेतेताई फ्रीजरकडे गेली आणि कॉफीची एक बरणी हातात धरून आली, धुकं निघत होतं तिच्यातून. आकडा मी ओळखला.

झुलेइदनं नळी धरली. दूध खाली गेलं. एवढंसं. मी उभी राहून बघितलं. देवळात पण मी अशी उभी राहिले नाही.

रविवार, १६ मार्च

पोरीचं पोट फुगलं नाही. सोसतंय.

पाणी उतरायला लागलं. जेनिव्हाल्दो आला. आमचं घर उभं आहे, म्हणाला, आणि पोरीकडे बघून बाहेर जाऊन बसला. बंबवाल्यांनी त्याच्या आईला छपरावरून काढलं. कुठल्या तरी उंच बाईनं पाठीवर घेतलं, म्हणाला. एकच बाई किती ठिकाणी असते.

बेर्तोल्दो सांगून गेला, सार्जंट परत आली, शिळा पाव स्वतः खाल्ला, कप स्वतः धुतला.

वाल्देनोरनं फायलीचं काहीतरी बदललं. आता एकजण आत असला तरी बाकीचे जाऊ शकतात. तो ज्या ओळीवर बसलाय तेवढी ओळ थांबते.

शुक्रवार, २१ मार्च

आज पोरीला पेटीतून काढून माझ्या छातीवर बांधली, उघड्या अंगाला उघडं अंग. ह्याला कांगारू म्हणतात. वजन काहीच नाही, नुसती ऊब. मी हलले नाही. श्वास पण बेतानं घेतला.

संध्याकाळी झुलेइद म्हणाली, "ए आई, खाली बघ." माझा शर्ट ओला झाला होता. छातीवर, दोन्ही बाजूला. मी तो ओला डाग बघत बसले. असा मी आधी कुठं तरी बघितला होता.

मग आठवलं कुठं.

रविवार, २३ मार्च

सार्जंट लुसिवाल्दा दूध घेऊन आली. मी दारातच गाठली. मुलगी बांधलेलीच होती. मी काही विचारलं नाही. काय विचारणार? मी नुसतं फडकं बाजूला केलं.

ह्या वेळी तिनं बघितलं. खूप वेळ. मग टोपी काढली, हात धुऊन आली, आणि एक बोट पुढे केलं. पोरीनं ते धरलं. बाळांना सवयच असते धरायची, पण तरी.

"नाव काय हिचं?"

"ठेवलं नाही. भीती वाटत होती." मग मी म्हटलं, "तुम्ही सांगा एखादं."

ती म्हणाली, "माझ्याकडे मुलाचंच आहे."

"सांगा की."

"ओतोनिएल."

आमच्याकडे नावं जोडून, वळवूनच करतात. माझ्या बापाचं एदिल्सन, आईचं लेया, म्हणून मी एदिलेया. मी म्हटलं, ओतोनिएला होईल. चालेल का?

तिनं टोपी घातली, परत काढली. बर्फाची पेटी विसरून गेली. झुलेइदनं पळत जाऊन दिली.

सोमवार, २४ मार्च

नाव फायलीत घालायला इवोनेतेताईकडे गेले. आज माझी पण एक बरणी होती, तळाशी बोटभर. तिनं तिला आकडा दिला. माझा आकडा. मी तो परत परत वाचला.

मग तिनं 'एदिलेयाचं बाळ' शोधलं, आणि खोडून नाव लिहायला गेली, तर पडद्यावर आलं, ही नोंद दुसऱ्या कोणी तरी उघडलेली आहे, थोड्या वेळानं प्रयत्न करा.

"कोण आहे आता आत?" ती म्हणाली आणि फोनला हात घातला. "बंबवाल्यांना सांगते बंद करायला."

मी तिचा हात धरला. "राहू दे ताई. बघू दे तिला."

इवोनेतेताईनं माझ्याकडे बघितलं, मग फोन खाली ठेवला. आम्ही दोघी पडद्यासमोर बसून राहिलो. पोरगी छातीवर झोपली होती. मला काही घाई नव्हती.